गाण्यातला पाऊण सेकंद

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जून 2022 मध्ये, पहिल्या पावसाच्या सुमारास, लॅमिंग्टन रोडच्या गल्लीतल्या तुमच्या टेबलापाशी एक बाई जुना टेपरेकॉर्डर आणि गुंतलेली कॅसेट घेऊन आली होती. ती मी. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. त्या दिवशी घाईत ते नीट मानलेच नाहीत.

कॅसेट गायक केकेच्या 'पल'ची, त्याच्या पहिल्या अल्बमची. 1999 साली तो आला तेव्हा माझी मैत्रीण आणि मी कॉलेजात होतो. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, केके मला माहीत झाला तो तिच्यामुळे. तो गाणं रीतसर शिकलेला नाही, सिनेमात येण्याआधी त्यानं हजारो जिंगल्स गायल्यात, हे ती घरातल्या मुलाचं कौतुक करावं तसं सांगायची. सेंड-ऑफला सगळे गळ्यात गळे घालून त्यातलं 'यारों' म्हणत होते, तेव्हा ही एकटी डोळे मिटून गप्प उभी होती.

ती 2019 मध्ये गेली. 31 मे 2022 च्या रात्री कोलकात्यात, नजरुल मंचावरचा कार्यक्रम संपवून केके गेला. त्रेपन्न वर्षांचा होता. 2 जूनला वर्सोव्यात त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच दुपारी लालबागहून तिच्या आईचा, काकूंचा फोन आला. "अगं, हिचा केके गेला ना? टीव्हीवर दाखवतायत. तिची टेप लावायला गेले तर अडकलीच बघ."

तीन वर्षं काकूंनी तिचं कपाट उघडलं नव्हतं, काका. लेकीच्या आवडीचा गायक गेला, आता त्याचं सुतक लेकीच्या वतीनं आपणच पाळायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मी मोबाइलवर गाणं लावलं, तर म्हणाल्या, "हे नको. तिचीच टेप."

दोन दुकानांत "टाकून द्या" ऐकून मी तुमच्याकडे पोचले. तुम्ही विचारलंत, "कुठल्या गाण्यावर अडकली?" मी 'यारों' म्हटल्यावर तुम्ही चष्मा चढवलात. रोलरमध्ये चुरगळलेली टेप पेन्सिलीनं हळूहळू सोडवलीत, बुरशी कापसानं टिपलीत, टेपला हेडवर दाबून धरणारी छोटी गादी गळून पडली होती, तिच्या जागी दुसऱ्या कॅसेटमधली काढून बसवलीत. एक जागा मात्र पार फाटली होती. "दीड इंच जाईल," तुम्ही म्हणालात. माझा चेहरा बघून लगेच हिशेब मांडलात: टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते, म्हणजे गाण्यातला पाऊण सेकंदच जाणार. तरी कापण्याआधी तुम्ही ती जागा तीनदा बोटानं सरळ करून पाहिलीत. शक्य असतं तर तेवढंही तुम्ही जाऊ दिलं नसतं, हे मला दिसत होतं.

आणि मग तो कापलेला तुकडा काडेपेटीत घालून माझ्या हातात दिलात. मी मागितला नव्हता. मला तर ते सुचलंही नसतं. पैसे फक्त टेपरेकॉर्डरच्या बेल्टचे घेतलेत.

संध्याकाळी काकूंकडे कॅसेट लावली. 'यारों' मध्येच किंचित अडखळलं आणि पुढे गेलं. काकू तोवर कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. त्या जागी त्यांचा बांध फुटला, आणि माझाही. तीन वर्षांत आम्ही दोघी एकत्र बसून रडलो नव्हतो.

काडेपेटी तिच्या फोटोमागे ठेवली आहे. कॅसेट दर रविवारी लागते. तुम्ही सांगितलंत तशी पावसाळ्यात आधी शेवटपर्यंत पळवून, मग मागे आणून लावते. हल्ली आवाज जरा लहरतो, बहुतेक बेल्ट पुन्हा सैल झालाय. पुढच्या शनिवारी मशीन घेऊन येते. या खेपेला काकूही येणार आहेत, तुमच्यासाठी नारळाच्या वड्या घेऊन.

तुमची,
लालबागच्या काकूंच्या लेकीची मैत्रीण