मांगरातलं मशीन

केरी, सत्तरी
मंगळवार, रात्री

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. बरंच झालं. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तुझी आई हातातून फोन काढून घेते. बारक्या उद्या पहाटेच्या कदंब बसने फोंड्याला येतोय, त्याच्याकडे ही चिठ्ठी देतो. रविवारी तू न जेवता गेलास. बांगड्याचं हुमण आईने दिवेलागणीपर्यंत झाकून ठेवलं होतं. मी जेवलो. ती जेवली नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण रविवारी ते राहूनच गेलं. काल टॉर्च घेऊन मांगरात गेलो आणि तुझ्या लाकूड फोडायच्या मशीनचं वेल्डिंग बघितलं. मणी एकसारखे पडलेत, स्लॅग झाडलेली आहे, फ्रेमचे चारी पाय गुण्यात आहेत. खाणीच्या वर्कशॉपात माझ्या हाताखाली आयटीआयची कितीतरी पोरं येऊन गेली, दोघातिघांना असं जमत असेल. शाफ्ट फिरवला तर बेअरिंग लोण्यासारखं चालतं. तुझ्या काकाला मी हे बोलून दाखवलं. तुला दाखवलं नाही, ही माझी चूक.

मशीनबद्दल यापुढे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण एक हिशोब तेवढा करून बघ. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिच्यावर ४ इंची पुली, शाफ्टवर १६ इंची. म्हणजे शाफ्टवरचं ओंडका चिरणारं गिरमिट मिनिटाला ३६० फेरे घेतं, सेकंदाला ६. काहीतरी बिनसलंय हे डोळ्याला दिसून हात मागे येईपर्यंत पाव सेकंद जातोच, तुझ्या वयातसुद्धा. तेवढ्यात शाफ्टचा दीड फेरा होतो. शाफ्ट २ इंची. दीड फेऱ्यात वीतभर बाही आत गेलेली असते. मग बाही सोडवायची म्हणून माणूस दुसरा हात पुढे करतो.

तू हातमोजे दाखवून म्हणालास, "पप्पा, सेफ्टी." त्यावरच माझं डोकं फिरलं. फिरत्या शाफ्टपाशी हातमोजे घालायचे नसतात रे. लेथवर नाही, ड्रिलवर नाही, या गिरमिटावर तर नाहीच. उघडं बोट निसटलं तर निसटतं, मोजा निसटत नाही. मनगटावरचा काळा दोराही काढ. सातेरी देवीचं नाव घेऊन आईनेच बांधलाय, माहीत आहे मला. तिची समजूत मी काढतो.

तू म्हणालास, स्विच हाताशी आहे. तू स्विच बंद केलास तेव्हा मी घड्याळ बघत होतो. मोटर गप्प झाली, पण गिरमिट पुरतं थांबायला ४१ सेकंद लागले. ते बिडाचं चाक तू जोर साठवायलाच बसवलंस ना, मग तू सांगितल्याबरोबर ते जोर सोडून कसं देईल? गाठीचा ओंडका अडकला आणि अर्धवट चिरून गिरमिटाबरोबर फिरायला लागला, तर ती ४१ सेकंदं तुम्ही दोघं काय करणार? बारक्या ओंडका धरणार आणि तू स्विचपाशी उभा राहणार, असं तुझं गणित आहे. ज्याचा हात आत, त्याच्याच ताब्यात बंद करायचं साधन पाहिजे. दुसऱ्याच्या नाही, सख्ख्या भावाच्याही नाही. दोघांनी मिळून एक मशीन चालवताना एकाला वाटतं दुसऱ्याने हात काढला, आणि तो कळ ओढतो.

आबांच्या हाताबद्दल लिहिणार नाही. लहानपणी तू त्यांच्या रिकाम्या बाहीला गाठी मारत बसायचास आणि ते मारू द्यायचे. गिरणीचा पट्टा घसरतो म्हणून चालत्या पट्ट्यावर राळ लावायला ते वाकले, एवढंच. तेव्हा सगळेच लावत. ते चाक त्याच गिरणीचं आहे हे आईला सांगितलं नाहीस, ठीक केलंस.

चाकावरून आठवलं. काल मी त्याच्यावर हातोडीने टकटक करून पाहिलं. धड बीड घंटेसारखं वाजतं, तडा असेल तिथे आवाज बद्द येतो. एका आऱ्याच्या मुळाशी मला बद्द वाटला. कान म्हातारे झालेत, भ्रमही असेल. पण बीड वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतं. आणि तू मोटरीची पुली ८ इंची करणार म्हणतोस, काम लवकर होईल म्हणून. वेग दुप्पट झाला की चाकातला जोर चौपट होतो. हे तू फर्मागुडीला शिकलास, मी नुसतं पाहिलंय.

झालं, परत व्याख्यान. आई मघाशी डोकावून म्हणाली, "पत्र लिहिताय की सर्क्युलर?" माफ कर. वर्कशॉपच्या भिंतीवर फॅक्टरी ॲक्टचा तक्ता होता, १९४८ चा. कलम २१, यंत्राला कुंपण घालणे. त्यात फ्लायव्हीलचं नाव आहे. रोज त्याच्याखाली बसून डबा खायचो, त्यामुळे ते अंगात भिनलंय. आपल्या मांगराला तो कायदा लागू नाही, हे तू सांगायच्या आधी मीच सांगतो.

रविवारी तू जे बोललास ते मला लागलं नाही असं म्हणणार नाही. "तुम्ही जन्मभर दुसऱ्याची यंत्रं सांभाळलीत, स्वतःचं एक उभं केलं नाही." खरं आहे. २०१२ ला खाणी बंद पडल्या, पुन्हा जरा सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. तेव्हा गॅरेज काढायचं माझ्या मनात होतं. तुझी फी होती, बायचं लग्न होतं, आणि खरं सांगायचं तर धीर नव्हता. तुझ्यात तो आहे. कुठून आला कोण जाणे, बहुतेक आईकडून.

तुझा धंदाही मला पटतो. काजूला मोहर आलाय, महिन्याभरात फेणीच्या भाट्या पेटतील आणि मे संपेपर्यंत विझायच्या नाहीत. फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून सगळे नाचले, पण रस उकळायच्या भाणाखाली लाकूड लागतं ते लागतंच, आणि कुऱ्हाड चालवणारा गडी आता मिळत नाही. पुढे पुरुमेंताची, पावसाळ्याच्या साठवणीची लाकडं आली, पाववाल्या पादेराची भट्टी आली. अकेशियाचे ओंडके घेऊन लोक तुझी वाट बघतील. तुझ्या आजोने हे सगळं एक घण आणि दोन पाचरींवर केलं. कापल्या टोकाला चीर कुठे पडलीय ते तो बोट फिरवून बघायचा, तिथेच पाचर लावायचा आणि दुसऱ्या घावाला ओंडका उलगडायचा. तू बाजूला उकिडवा बसून मोजायचास. तुला मोजता यायचं फक्त दहापर्यंत, मग परत एकपासून. एकदा मी तुला खाणीवर नेलं होतं, तेव्हा डंपरच्या टायरच्या आत उभा राहून तू विचारलंस, "पप्पा, हे थांबवतात कसं?" तेव्हा विचारलंस. आता का विचारत नाहीस?

पैसे जमले की हायड्रॉलिक घेऊ. पाचर सावकाश येते, दोन्ही हात दोन दांड्यांवर ठेवावे लागतात, एक सुटला की ती जागच्या जागी थांबते. गळणाऱ्या होजवर तेवढा हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरून बघायचं. खाणीवर एकाच्या बोटात तेल शिरलं होतं. टाचणीएवढं भोक, रक्ताचा थेंब नाही. तो हसत घरी गेला, रात्री हात सुजून बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यावा लागला. असो.

तोवर या मशीनला जाळी करू. चाकाला आणि पुल्यांना पूर्ण झाकण, ओंडका फिरू नये म्हणून गिरमिटाखाली टेबल आणि भक्कम आडवा अँगल, पाय उचलला की मोटर बंद होणारा स्विच, आणि चाकाला ब्रेक. ब्रेक कसा करायचा ते मला सुचलंय, कागदावर काढून ठेवलंय. चाक बदलू, ४१ सेकंदं खाली आणू.

आता रागावू नकोस. मशीन चालत नाही म्हणून येऊन मोटर उघडत बसशील, तर मोटर ठीक आहे. पट्टा मी काढून घेतलाय. बी ७२ आहे, वाळपईला कुठल्याही दुकानात नवा मिळेल, तुला अडवणारा मी कोण. हा ट्रंकेत ठेवलाय, तुझ्या दहावीच्या मार्कलिस्टखाली. आईला माहीत नाही.

शनिवारी ये. पत्रा मी कापून ठेवतो, वेल्डिंग तू कर. माझा हात आता थरथरतो.

तुझा,
पप्पा

ता. क. दोऱ्याचं आईला सांगितलं. म्हणते, काढ, पण खिशात ठेव.