स्पिनालोंगाहून परतल्यावर

एलुंडा, क्रीट, ग्रीस

प्रिय नंद्या,

नुसते फोटो धाडून मोकळा झालो असतो, पण तू खाली ‘अरे, हा तर जंजिरा!’ एवढंच लिहून गप्प बसणार हे ठाऊक होतं. म्हणून पत्र.

स्पिनालोंगा बेटावरचा हा किल्ला लांबून जंजिराच वाटतो, खोटं कशाला बोलू. प्लाका गावाच्या धक्क्यावरून होडीत बसलो, दहाएक मिनिटांत तट अंगावर आला. खाली पाण्यात उतरलेला अर्धगोल बुरूज, वर उघडाबोडका खडक. एलुंडाच्या बंदरावर नजर ठेवायला व्हेनिसवाल्यांनी १५७९ मध्ये हे काम काढलं. १६६९ ला तुर्कांनी कँडिया, म्हणजे आजचं हेराक्लिओन शहर, घेतलं, जवळजवळ सगळं क्रीट गेलं, तरी हे टिकोजीराव १७१५ पर्यंत व्हेनिसचेच. मी खुशीत जंग्यांतून डोकावत फिरत होतो, तुझ्यासारखाच.

मग ते दार लागलं. बोगद्यासारखं, आत वळण घेतलेलं. चार पावलं टाकली की समुद्र दिसेनासा होतो. इथे आणलेले रोगी त्याला दान्तेचा दरवाजा म्हणत, त्या इटालियन कवीच्या काव्यातल्या नरकाच्या दारावरून. १९०३ मध्ये क्रीटच्या सरकारने कुष्ठरोग्यांना ठेवायला हे बेट नेमलं आणि १९५७ पर्यंत ते तसंच चाललं. तुर्क कुटुंबं सोडून गेलेल्या घरांत हे लोक राहिले. शत्रू आत येऊ नये म्हणून बांधलेला तट, तो आयता कामाला आला.

आत चक्क गल्ली आहे रे! दुतर्फा दुकानं, लाकडी दारं, चर्च. बेटावर झरा नाही, म्हणून उतारावर फरसबंदी करून पावसाचं पाणी टाक्यांत उतरवलंय. आपल्या गडांवर वाकतो तसा वाकून एक टाकं बघितलं. मग कपडे धुवायची जागा आली. दगडी कुंड्यांची रांग. तिथे मात्र पाय अडला.

तुला बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पावरची छावणी आठवते? चहा वाटणारे काका उकळता पेला फडक्याशिवाय धरायचे. तू म्हणालास, केवढा कणखर माणूस! त्यावर तेच हसून म्हणाले, “कळतच नाही रे पोरा, म्हणून तर भाजतं.” संवेदना गेलेल्या बोटांनी इथे कुणी कडकडीत पाण्यात कपडे बुडवले असतील, हे डोक्यात आलं आणि मी कुंडीच्या काठावर नुसता हात ठेवून उभा राहिलो. बायको पुढे निघून गेली होती.

१९३६ मध्ये रेमुंदाकिस नावाचा कायद्याचा विद्यार्थी इथे रोगी म्हणून आला. त्याने रोग्यांचीच संघटना उभारली आणि भांडून भांडून दिवस सुधारून घेतले. घरांना चुना लागला, शाळा झाली, नाटकं झाली. लोकांनी लग्नंही केली. वरोऱ्याचं आनंदवन उभं राहिलं १९४९ मध्ये, म्हणजे त्याच्यानंतर तेरा वर्षांनी. एकाचा दुसऱ्याशी संबंध असण्याचं कारण नाही, पण मला राहून राहून वरोराच आठवत होतं. पुढे सल्फोनची औषधं आली, माणसं बरी होऊ लागली, आणि बेट रिकामं झालं.

सगळ्यात छळतं ते प्लाका. समोर, इतकं जवळ, की खानावळीतल्या खुर्च्यांचे रंग दिसतात. रोज हे बघत आत राहायचं! बेटावर राहायला आता कुणालाच परवानगी नाही, तेही एका अर्थी बरंच.

दफनभूमीपाशी पोचलो तोवर होडीवाल्याने दिलेला तास संपत आला होता. सिमेंटच्या लाद्या, ओळीने. मी नावं शोधत होतो, दिसली नाहीत. एक बाई तिथे सेल्फी काढत होती. तिचा राग आला, पण दारापाशी मीही काढलाच होता की.

होडीत बसल्यापासून एकच गोष्ट डोकं खातेय. त्या चहावाल्या काकांचं नाव काय होतं रे? मी त्यांच्या हातचा चहा रोज प्यायलो आणि नाव काही केल्या आठवत नाही. तुझ्या त्या जुन्या वहीत बघ. सापडलं तर लगेच कळव.

तुझा,
विज्या