सही करताना समोर कोण होतं, हे विचारायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

गेल्या आठवड्यात माझी पीएच.डी.ची व्हायवा झाली. पेढे वाटून झाले, फोटो झाले, आणि आभाराचे चार शब्द बोलायला उभी राहिले तर घसाच दाटून आला. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. तेव्हा राहिलेलं आज लिहिते आहे. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण खुल्या पत्रात किती ताकद असते हे तुमच्याच वर्गात कळलं.

एलएल.एम.च्या पहिल्या सत्रात तुम्ही मथुरा खटला शिकवलात, मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराचा. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमतीच होती असं धरून सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली दोन पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. हतबल होऊन गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा गाभा. 1983 मध्ये कायदा बदलला, त्यामागे ते पत्र होतं आणि त्यानंतर रस्त्यावर उतरलेल्या बायका होत्या. ते सांगताना तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "हे लिहिणारे आपल्यासारखेच, वर्गात शिकवणारे होते." मास्तरकीकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

तुमचं सगळं संशोधन 'संमती' या एका शब्दाभोवती फिरलं. पीएच.डी. फौजदारी कायद्यातल्या संमतीवर केलीत आणि पुढे तोच प्रश्न घेऊन थेट जमिनीच्या कागदांत शिरलात. फौजदारीवाल्यांना वाटलं तुम्ही विषय सोडलात. तुम्ही तो सोडला नव्हता, हे मला माझ्या आईच्या हक्कसोडपत्रामुळे समजलं.

त्या कागदाची झेरॉक्स मी तुमच्याकडे घाबरतच आणली होती. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायक, म्हणजे जन्मापासून मुलांसारखंच वाटेकरी केलं, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. आई त्या वगळलेल्यांतली. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने तिला हक्क मिळाला. 2007 साली आजोबा गेले आणि वर्षश्राद्धाच्या आत तिने तो सोडूनही दिला. तुम्ही पेन्सिलीने एकाच ओळीखाली रेघ मारलीत: "राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणास बळी न पडता." आणि विचारलंत, "सगळ्याच कागदांवर हीच ओळ असेल, तर तिच्यावरून आपल्याला नेमकं काय कळतं?"

माझा विषय तिथेच ठरला. समितीत एकाने हा कायद्याचा नाही, समाजशास्त्राचा विषय आहे म्हणून सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, परत पाठवला, तेव्हा तुम्ही माझ्या बाजूने भांडला नाहीत. शांतपणे करार कायद्याचं कलम 16 उघडून 'अनुचित प्रभाव' वाचून दाखवलंत. दुसऱ्या खेपेला विषय मंजूर झाला.

मग सासवडच्या एसटीतले ते शनिवार. तासिका तत्त्वावर शिकवत होते, पगार कधी तीन-तीन महिने नाही; दोन वेळा तिकीट तुम्ही काढलंत आणि विषयसुद्धा काढू दिला नाहीत. तलाठी कार्यालयात फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, कसा वाचायचा, नोंद धरल्यावर नोटीस कुणाला गेली, हरकतीच्या पंधरा दिवसांत बहिणीपर्यंत ती पोचली का, हे सगळं तुमच्या शेजारी उभं राहून शिकले. तिथल्या बायका एकच सांगायच्या: "हिस्सा घेतला तर माहेर तुटतं. भाऊबीजेला कुणाच्या दारात जायचं?" मी ते भराभर टिपून घ्यायचे. तुम्ही मात्र वही मिटून त्यांच्याजवळ बसायचात.

2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निकाल आला. मुलीला हिस्सा मिळायला 2005 साली वडील हयात असायला हवेत ही अट गेली. मी तुम्हाला आनंदाने फोन केला. तुम्हीही खूश होतात, पण लगेच म्हणालात, "ज्यांनी आधीच सह्या केल्यात, त्यांचं काय?" माझं चौथं प्रकरण त्या फोनमधून निघालं. त्याचे पाच मसुदे तुम्ही वाचलेत, पाचवा तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं असताना.

मॅडम, एक कबुली राहिली आहे. तुमच्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न, "सही करताना समोर कोण कोण होतं?", मी गावोगावी विचारला. घरी विचारायचं मात्र धाडस झालं नाही. व्हायवाच्या रात्री विचारला. आई भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, "सगळे होते की. तुझे मामा, मामी, तुझे बाबासुद्धा. कुणी काही बोललं नाही. पेन तेवढं माझ्या हातात दिलं."

हे प्रबंधात नाही. तुमच्यासाठी इथे लिहिलं.

आपली विद्यार्थिनी,
पुणे