थेरं नव्हती ती, आई

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार.

हे पत्र एका बैठकीत लिहून होणार नाही. काल चार ओळी लिहिल्या आणि आडवी झाले. गेले कित्येक दिवस फोनवर मी "जरा मळमळतंय, बाकी सगळं ठीक" एवढंच सांगत होते आणि व्हिडिओ लावायचं टाळत होते. तेवढ्यावर भागणारं नव्हतं ते. पण तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटतं आणि अर्धं सांगायचंच राहतं, म्हणून सगळं लिहून कळवते. आधी एवढं वाच : बाळ छान आहे, परवाच्या सोनोग्राफीत हृदयाचे ठोके स्पष्ट दिसले. मीही सावरतेय. आज दहावा आठवडा पुरा झाला.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना उमासे आले, तिथून सुरुवात. याला 'सकाळची मळमळ' म्हणायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे! मला तर संध्याकाळी जास्त होतं, आणि रात्री दोनलाही उठवतं. वासाचं तर विचारूच नकोस. फ्रीजचं दार कुणी उघडलं की मला आतल्या खोलीत कळतं. कांदा शिजतानाचा वास, अंगाच्या साबणाचा वास, इतकंच काय, नळाच्या पाण्यालाही लोखंडासारखी चव लागते. तुझा जावई बाहेर जिन्यात बसून जेवतो आणि चूळ भरूनच घरात येतो. मी काही सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानंच सुरू केलं.

सहन करायचं, सगळ्यांनाच होतं, असं मी स्वतःला बजावत राहिले. आणि खरंच दहापैकी सात-आठ जणींना मळमळ होतेच. त्यामुळे आपलं त्यातलं नाही, आपलं वेगळं आहे, हे ओळखायला मला उशीर झाला. आठव्या आठवड्यात पाणीसुद्धा पोटात ठरेना. उलटीतून नुसतं पिवळं पित्त पडायचं, त्यानंतर कोरडे उमासे. मी बाथरूममध्ये फरशीवर गाल टेकून पडून राहायचे, कारण थंडगार लागायचं आणि परत उठून यायची ताकद नसायची. एकदा फोन करून विचारलं तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "पहिले तीन महिने असंच असतं, आराम करा." मी लगेच गप्प बसले. तुझ्या जावयानं मात्र वजनकाटा पुढ्यात आणून ठेवला. ५६ किलोची मी ५२ वर आले होते. लघवी दिवसातून दोनदा, तीही कोऱ्या चहाच्या रंगाची. त्याच रात्री तो मला दवाखान्यात घेऊन गेला.

लघवी तपासल्यावर त्यात कीटोन निघाले. म्हणजे बाहेरून काही मिळेना, तेव्हा शरीर स्वतःची चरबी जाळत बसलं होतं. दोन दिवस ठेवून घेतलं, सलाइन लावलं. त्याआधी बी-१ जीवनसत्त्व दिलं. इतके दिवस पोटात काही नसताना थेट ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून बी-१ आधी, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पलंगाच्या कडेला बसून समजावलं. मूळच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं आणि अंगातलं पाणी कमी झालं की ती साधी मळमळ राहत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्याला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम म्हणतात. शंभरात फार तर तीन जणींना होतो. आपल्याकडे कडक डोहाळे म्हणतात ना, ते जेव्हा हाताबाहेर जातात तेव्हाचं हे नाव.

*

परत लिहायला घेतलं. मध्ये एक दिवस गेला.

आता तुझ्या काळजीच्या विषयाकडे येते. मी औषध घेतेय. तू म्हणशील, या दिवसांत गोळी कशी घेतलीस? तुझी भीती उगाच नाही, हे मला माहीत आहे. १९५७ पासून युरोपात थॅलिडोमाइड नावाची गोळी विकली जायची, झोपेसाठी आणि याच मळमळीसाठीही. १९६१ मध्ये ती बाजारातून काढली, तोवर हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्माला आली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या डॉक्टर सरकारी औषध विभागात होत्या. कंपनीनं कितीही घाई केली तरी पुरावा पुरेसा नाही म्हणून त्यांनी मंजुरी दिली नाही, आणि तिथली असंख्य मुलं वाचली. त्यानंतर गरोदरपणात औषध म्हटलं की बायकांच्या छातीत धस्स होणारच.

पण मी घेते ती गोळी वेगळी आहे. डॉक्सिलमिन आणि बी-६ जीवनसत्त्व, दोन्ही एकत्र. तिच्यावरही एके काळी आरोप झाले, खटले भरले गेले आणि १९८३ मध्ये कंपनीनं ती अमेरिकेतल्या बाजारातून मागे घेतली. मग वर्षानुवर्षं तपासण्या झाल्या, बाळांना अपाय होतो असं काही निघालं नाही, आणि २०१३ मध्ये तिला तिथे परत मंजुरी मिळाली. सगळ्या गोळ्यांना एकाच मापानं मोजू नये, एवढंच मला त्या रात्री पटलं. गोळीनं गुंगी येते खरी, पण पाणी पोटात राहतं. बाळाला गोळीपेक्षा माझ्या उपाशी राहण्याचा धोका मोठा होता. अर्थात हे सगळं डॉक्टरांनी दिलेलं, ठरलेल्या प्रमाणात. मनानं काहीच घेत नाही.

बाकी माझा दिनक्रम सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. उशाशी कोरडी बिस्किटं असतात. डोळे उघडले की पडल्या पडल्याच एक खाते आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहते. रिकामं पोट हा माझा सगळ्यात मोठा वैरी, म्हणून दर दीड तासानं गजर लावलाय. वाजला की दोन घास, भूक असो नसो. गार खाल्लेलं बरं पडतं, वास येत नाही त्याला. जेवताना पाणी अजिबात पीत नाही, अर्ध्या तासानं घोट घोट घेते, नाहीतर बर्फाचा खडा चघळते. आल्याचा तुकडा आधी बरा वाटायचा, पुढे छातीत जळजळायला लागलं म्हणून सोडून दिला. मनगटावर दाब देणारा पट्टाही घालून पाहिला. त्यानं मला तरी फरक पडला नाही, पण शेजारच्या खाटेवरची तिचा काढायला तयार नव्हती. लोहाच्या गोळीनं मळमळ वाढत होती, ती डॉक्टरांनी तूर्त थांबवलीय. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम मात्र चुकवत नाही, रात्री झोपताना घेते. आणि उलटीनंतर लगेच दात घासायचे नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. आम्लानं दातांवरचं कवच मऊ पडलेलं असतं, ब्रशनं ते झिजतं. खायचा सोडा पाण्यात घालून चूळ भरायची आणि तासाभरानं घासायचे.

पुन्हा आठ तास लघवी झाली नाही, दिवसभर काहीच पोटात ठरलं नाही, उलटीत रक्त दिसलं किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबायचं नाही, सरळ निघायचं. कागदावर लिहून तो दाराला चिकटवलाय. बहुतेकींचं सोळा ते वीस आठवड्यांत ओसरतं म्हणे. मी तेवढे आठवडे मोजतेय.

*

ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते अजून राहिलंय.

तिथे पडल्या पडल्या मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे होतं तरी कशानं? त्यांनी सांगितलं की २०२३ च्या डिसेंबरात याचं एक मोठं कारण सापडलं. जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आहे. गर्भ आणि वार मिळून ते आईच्या रक्तात भरपूर सोडतात आणि ते मेंदूतल्या उलटीच्या जागेवर जाऊन काम करतं. दिवस जाण्याआधी ज्या बाईच्या अंगात ते कमी असतं, तिला त्याची सवय नसते, आणि तिलाच हा त्रास जास्त होतो. थॅलेसेमिया असलेल्या बायकांमध्ये ते आधीपासूनच खूप असतं, तर त्यांना मळमळ फारशी होत नाही! हे शोधणाऱ्यांपैकी एक मार्लेना फेझो. १९९९ मध्ये तिला स्वतःला हाच त्रास इतका झाला की तिचं बाळ गेलं. तिनं पुढची वीस-बावीस वर्षं याच एका प्रश्नामागे घालवली.

आणि हे घराण्यात चालत येतं, आई. आईला झालं असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त.

मी लहान असताना तू एकदा मावशीला सांगत होतीस, मी पलंगावर झोपेचं सोंग घेऊन ऐकत होते. माझ्या वेळी तुला अन्न बघवत नव्हतं, तर घरात सगळे म्हणाले, पहिलटकरणीची थेरं आहेत, मनावर घेतलं की होतं सगळं. तू हसून सांगितलं होतंस. त्या फरशीवर पडलेली असताना मला तुझं ते हसणं आठवत होतं. तुला कुणी सलाइन लावलं नाही, बी-६ दिलं नाही, तुझं वजन कुणी पाहिलं नाही. तू उठून सगळ्यांचा स्वयंपाक केला असशील, त्याच वासात. थेरं नव्हती ती. तुझ्या रक्तात जे होतं तेच आज माझ्या रक्तात आहे, आणि त्याला नाव आहे.

दोन मागण्या आहेत. एक, फोनवर "काय खाल्लंस?" विचारू नकोस. पदार्थाचं नाव काढलं तरी उमासा येतो. "किती पाणी ठरलं?" असं विचार, त्याचं उत्तर मी आनंदानं देईन. आणि दुसरी, तुझ्या वेळचं सगळं मला लिहून कळव. कितव्या महिन्यात सुरू झालं, कधी थांबलं, काय चालायचं, रात्री कोण उठायचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आईला त्रास झाला होता का? किती दिवस?" झाला होता, एवढंच मला सांगता आलं.

तुझी,
लेक