तुझ्या ताब्यात आलेला माणूस

कराड

चि. समीरला अनेक आशीर्वाद.

पलटणीत पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. तिकडे थंडी कडक असेल, गुडघ्याला तेल लावत जा.

मंगळवारी जेवताना नानाकाकांना म्हणालास, "सौरभ कालियांचे त्यांनी काय हाल केले? मग आमच्या हाती सापडला की आम्ही काय त्याची पूजा करायची?" हे ताटावरून उठून गेले. तुझी सुट्टी संपत आली होती, म्हणून मी गप्प बसले.

राग मलाही आहे. १५ मे १९९९ ला कारगिलमध्ये कालिया आणि त्यांचे पाच जवान पाकिस्तानच्या हाती सापडले, ९ जूनला त्यांचे देह परत आले. त्या आईचा विचार आला की आजही घास उतरत नाही. पण तुझ्यासमोर हात बांधलेला माणूस असेल, रात्र असेल, बघणारं कुणी नसेल, तेव्हा तू काय करशील?

इराकमधल्या अबू गरेब तुरुंगातले अमेरिकन शिपाई चारचौघांसारखेच होते, काही तर तुझ्या वयाचे. २००३ च्या शेवटी रात्रपाळीत त्यांनी कैद्यांना नागवं केलं, एकाला डोक्यावरून तोंड झाकणारी टोपी घालून, हातांना तारा लावून खोक्यावर उभं केलं आणि वर हसत फोटो काढले. चौकशीआधी कैद्यांना नरम करा असं आम्हाला सांगितलं जायचं, असं ते पुढे म्हणाले. ग्रेनर नावाच्या शिपायाला 10 वर्षांची शिक्षा झाली. अल कायदाच्या कैद्यांना जिनिव्हा करार, म्हणजे युद्धकैद्यांशी माणुसकीने वागायचा करार, लागू नाही, असं २००२ मध्ये ज्यांनी कागदावर लिहून दिलं, त्यांच्यातला एकही आत गेला नाही. अडकतो तो हाताखालचा, समीर. तू अजून हाताखालचाच आहेस.

बॉम्ब कुठे ठेवलाय ते ठोकल्याशिवाय कोण सांगेल, हा तुझा दुसरा मुद्दा. अल कायदाचा म्हणून पकडलेल्या अल लिबीला इजिप्तमध्ये असंच ठोकलं. इराक अल कायदाला रासायनिक शस्त्रं शिकवतो, असं तो बोलून गेला. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलनी तेच संयुक्त राष्ट्रांत सांगितलं आणि पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झालं. नंतर अल लिबीने शब्द फिरवला, हाल थांबावेत म्हणून बोललो म्हणाला. तोवर किती घरं बसली!

परत शाळा घ्यायला लागले. रागावू नकोस.

आप्पांचं तुला नीट कधी सांगितलंच नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात गणूमामा जमालपूरला मारले गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पांना रांचीला पाकिस्तानी कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला लावलं. ९३,००० माणसं शरण आली होती तेव्हा. एक म्हातारा हवालदार रोज तारेपाशी येऊन विचारायचा, माझं पत्र गेलं का? त्याची मुलगी बाळंतपणाला आलेली. आप्पांना वाटायचं, यानेच तर गणूला मारलं नसेल? आणि तरी ते रोज ऑफिसात जाऊन त्याच्या पत्राची चौकशी करायचे. आजी विचारायची, कसं जमलं हो? "माझ्या ताब्यात होता तो," एवढंच म्हणायचे.

आणि अभिनंदन पकडले गेले ती रात्र आठव. डोळ्यांवर पट्टी, तोंडावर रक्त, तो व्हिडिओ तू पुन्हा पुन्हा बघत होतास. जिनिव्हा करार, जिनिव्हा करार करत घरभर फिरलास. तो करार त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठी वेगळा कसा असेल?

अबू गरेबचे फोटो जो डार्बी नावाच्या शिपायाने तपास अधिकाऱ्यांकडे दिले. त्याच्या गावातल्या कित्येकांनी त्याला गद्दार ठरवलं, त्याला तिथे पुन्हा राहता आलं नाही. तू त्याच्यासारखं वागावंस असं मनापासून वाटतं. आणि माझ्या पोराला कुणी गद्दार म्हणेल, या विचाराने हातपाय गार पडतात. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

तुझ्या खांद्यावर तारे लावताना हे रडले होते, तुला दिसलं नाही. गावभर पेढे मीच वाटले.

चुकीचा हुकूम आला तर नाही म्हणायची मुभा तुम्हाला कितपत असते, हे अकादमीत शिकवलं असेल. ते मला लिहून कळव. फोनवर नको, फोनवर तू विषय बदलतोस.

तुझी आई