तात्यांच्या वह्या

डिचोली, रविवार

प्रिय सदा,

तब्येत ठीक, गोळ्या चालू. पत्र लिहितोय ते तात्यांच्या वह्यांपायी. वाडा विकायला काढलाय आणि माळ्यावरची ट्रंक मुलांनी माझ्याकडे आणून टाकली. निम्म्या वह्यांना कसर लागलीय, पण घोड्यांची वही शाबूत आहे.

शेपटीवरून आपण केवढे भांडलो होतो! पोर्तुगीज बखरकार नुनीस लिहितो, विजयनगरचा राजा नरसिंहराया हजार परदावांना, म्हणजे सोन्याच्या नाण्यांना, तीन घोडे घ्यायचा, जिवंत वा मेलेले. समुद्रात मेला तर व्यापाऱ्याने नुसती शेपटी आणून दाखवायची, पैसे पूर्ण. तू म्हणालास, शुद्ध वेडेपणा. मी अजून म्हणतो, यासारखं शहाणपण नाही. इराणच्या आखातातल्या होर्मुझहून येताना गलबतात घोडे मरणारच. ती खोट व्यापाऱ्याच्या माथी मारली असती, तर पुढच्या वर्षी तो फिरकलाच नसता. इकडच्या हवेत अरबी घोडा टिकत नाही, पागा दरवर्षी नव्याने भरावी लागते. म्हणून तर १५१० मध्ये पोर्तुगीजांनी घेतल्यावर आपल्या गोव्याला एवढा भाव आला. १५४७ च्या तहात पोर्तुगीजांनी घोडे विजयनगरलाच देऊ, विजापूरला नाही, असं लिहून दिलं. तात्यांचा कौल माझ्या बाजूने होता. तुला ते तट्टू म्हणाले, ते मी विसरलेलो नाही!

खरी काळजी रायचूरच्या पानांची. १५२० मध्ये विजापूरकरांच्या रायचूर किल्ल्यावर कूच करताना विजयनगरच्या कृष्णदेवरायाने वाटेवर दहा-बारा हजार पखालवाले ठेवले होते, कुणी तहानेने मरू नये म्हणून. त्याखाली तात्यांनी तांबड्या शाईत लिहिलंय, 'माणसांचं भागलं. घोड्यांचं?' एक घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पितो, उन्हात आणखी. शिवाय चंदी, वैरण, आणि ती वाहणाऱ्या बैलांची वैरण वेगळीच. पुढची आठ पानं याच हिशेबाची, आणि सगळी मोडीत. घोडे विकायला आलेला पोर्तुगीज फिगेरेदो वीस बंदूकवाल्यांनिशी तटाशी कसा भिडला, हे कुणीही सांगेल. तोबऱ्यात काय होतं, हे तात्यांशिवाय कुणी मांडलेलं मी पाहिलं नाही. मला त्यातलं अक्षर लागत नाही, मोडी तुलाच येते. फोटो काढून पाहिले, शाई उमटत नाही.

मृग लागला की ट्रंकेत बुरशी धरेल. त्याआधी ये.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पोरीचं ठरलं का? कळव. येताना भिंग आण, आणि शेपटीचा वाद पुन्हा काढायचा असेल तर तयारीने ये.

तुझा,
बाळा