ड्रायरखालचं पाणी आणि वाट दाखवणारे हात

कंडेन्सर ड्रायर म्हणजे कपड्यांतली वाफ गार करून तिचं पाणी टाकीत साठवणारं मशीन. त्याखाली पाणी साचलं की बहुतेक जण थेट पाणी वर टाकीत चढवणारा पंप बदलायला निघतात. तसं न करता आधी वरची टाकी बघा, असं सांगणाऱ्या सगळ्या अनाम जाणकारांचे मनापासून आभार.

त्या एका सल्ल्याने निम्मं निदान होतं. कपडे सुकवून झाले, टाकी जवळजवळ कोरडी आणि पाणी जमिनीवर, म्हणजे पाणी वर चढतच नाही. प्लग काढून, मशीन गार झाल्यावर कंडेन्सर (वाफ गार करणारा भाग) बाहेर ओढा आणि मागच्या खोलगट भागात टॉर्च मारा. तिथे ओल्या लिंटचा, म्हणजे कपड्यांतून सुटलेल्या तंतूंचा, राखाडी, लगद्यासारखा थर असतो. तो पंपाच्या पात्यांत अडकतो, फ्लोटखाली (पाण्याबरोबर वर उचलला जाऊन सूचना देणाऱ्या तरंगत्या भागाखाली) बसतो. फ्लोट उचललाच जात नाही, मग टाकी भरल्याची सूचना तरी कुठून येणार? लगदा हाताने काढा, फ्लोट बोटाने वरखाली करून पाहा, टाकीकडे जाणारी नळी मुडपली नाही ना तेही तपासा.

टाकी भरतेय आणि तरी गळतंय, तर टाकी पूर्ण आत बसलीय का ते बघा.

कंडेन्सरच्या रबरी सीलबद्दल बारकाईने सांगणाऱ्यांचे तर विशेष आभार. सीलवर लिंटचा एक धागा राहिला तरी दमट हवा बाहेर निसटते आणि कॅबिनेटच्या गार पत्र्यावर थेंब धरतात. ओल्या फडक्याने सील पुसा, कंडेन्सर नळाखाली धुवा, खटके घट्ट लावा.